मेलेल्याची आखणी

बसा. पण जनू, ती रंगाची बाटली आधी बाहेर ठेव. तेलाच्या रंगाचा वास मला सहन होत नाय. का ते सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाय. कमळाकर आणि मी पेणला एकाच गणपतीच्या कारखान्यात होतो.

कमळाकर डोळ्यांची आखणी करायचा. मूर्ती कुणीही रंगवावी, डोळे मात्र शेवटी, त्याच्याच हातानं. आखणीशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नाय. पण गड्याला तैलचित्रं शिकायची होती. रोह्याला बाबाजी मास्तर म्हणून रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर राहायचे. दर रविवारी हा एसटीनं त्यांच्याकडे.

मास्तरांच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक छापील चित्र होतं, इटलीतल्या कुठल्याशा जुन्या देवळातलं. चार दिवस पुरलेला माणूस येशूच्या हाकेनं थडग्यातून उठतोय. डोळ्यांवर त्याच्या पट्टी. भोवतीचे लोक नाकाला फडकी लावून उभे. असलं चित्र जेवायच्या खोलीत लावायचं म्हणजे धन्यच. मास्तर म्हणाले, "हे हुबेहूब उतरव, मुंबईच्या स्टुडिओला चिठ्ठी देतो. पण पदरचं काय घालू नको." त्या चिठ्ठीसाठी कमळाकरनं दोन वर्षं घासली होती.

साल त्र्याऐंशी, सर्वपित्री अमावस्या. त्या रात्रीचं कमळाकरनंच मला सांगितलं. मास्तर श्राद्धाला भावाकडे गेले होते, किल्ली ह्याच्याकडे. रात्री साडेअकराला चित्र पुरं झालं. तरी त्याला उठवेना. आमच्या हाताला खोडच ती, बिनडोळ्यांचं काम मागे ठेवून झोप लागत नाय. बारीक ब्रश घेतला आणि त्यानं आपल्या कॅनव्हासवरच्या त्या पट्टीवरच डोळे आखले. आमच्या पद्धतीचे. लांब, कोपऱ्यात लाल. एवढं त्यानं करायला नको होतं.

रंगातल्या जवसाच्या तेलाचा वास खोलीत होताच. त्यात दुसरा मिसळला. उंदीर मेला असेल म्हणून त्यानं खाटेखाली पाहिलं, मोरीत पाहिलं. काय नाय. वास वाढत गेला. गोडसर, चिकट, घशाशी बसणारा. शेवटी त्यानंही नाकाला फडकं लावलं.

वास कॅनव्हासजवळ जास्त होता.

त्यानं त्या मेलेल्याच्या गालाला बोट लावलं. रंग ओला असणारच. पण हा कोमट होता. दुधावरची साय निघावी तशी कातडी बोटाबरोबर आली... खालून पाणी. पिवळं.

तो तिथंच ओकला. मग सुरी घेतली. डोळे खरवडले. खाली डोळे होते. खरवडले... पुन्हा डोळे. कॅनव्हास फाटला. चेहऱ्याच्या जागी भोक.

वास गेला नाय.

आणि मागून... भिंतीकडून... कुणीतरी नाकानं श्वास घेतला. लांब.

...

रात्र त्यानं रोह्याच्या एसटी स्टँडच्या बाकावर काढली. पहाटे पेणला आला आणि मला घेऊन परत गेला, एकट्यानं जायची छाती नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा मास्तर दारातच उभे होते, तोंडाला रुमाल लावून. फाटका कॅनव्हास बघून त्यांचा पारा चढला. चिठ्ठी विसर म्हणाले. कमळाकर त्यांच्या पाया पडला, दुसरं करतो म्हणाला. तेव्हा कुठे ते जरा निवळले.

"मग मूळ चित्र नीट बघ," म्हणत ते भिंतीकडे वळले. आणि दोन पावलं मागे सरले.

चौकट मी स्वतः उतरवून पाहिली. काच शाबूत. मागचे खिळे गंजून लाकडात बसलेले, वर्षानुवर्षं कुणी हलवले नव्हते. आत, छापील कागदावर, पट्टीच्या जागी दोन डोळे होते. लांब. कोपऱ्यात लाल.

मास्तरांनी विचारलं, "हे कुणी काढलं?"

कमळाकरनं हात पाठीमागे लपवले. पेणच्या कुठल्याही कारखान्यात विचारलं असतं, तर हात कुणाचा ते लगेच सांगितलं असतं.