डाव्या हाताचं भाकीत

मुलगी आत आली, खुर्चीत बसली, डावा हात मांडीखाली सरकवला आणि म्हणाली, "माझ्याच माणसांपैकी कुणीतरी माझा घात केलाय. कोण ते मला शनिवारच्या आत कळायला हवं."

ताईने चष्मा काढून बाहीला पुसला. ऐकायचं असलं की ती चष्मा पुसते.

"शनिवारी काय आहे?"

"किताबाची लढत."

ढब्याने तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला. ताई पूर्वी विमा कंपनीत खोटे दावे पकडायची, आता स्वतःच्या नावाची पाटी लावून तेच काम करते. ढब्या तिचा धाकटा भाऊ. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला ढब्या म्हणणं शोभत नाही, पण हे नाव तिनेच लहानपणी ठेवलेलं, आणि ताईने ठेवलेली वस्तू सहसा हलत नाही. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको गेली. तेव्हापासून तो ताईची गाडी चालवतो, दार उघडतो आणि प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर संशय घेतो. दुःख होत नाही, एवढीच त्याची तक्रार होती. काहीच होत नव्हतं. चहा गरम आहे की गार, हे तो हल्ली कपाला हात लावून ठरवायचा.

मुलीने फोन पुढे केला. पिंजऱ्यात तिला ठिणगी म्हणतात. लाथा, ठोसे, कुस्ती, गळा आवळणं, सगळं चालतं असा तो खेळ. सोमवारी टाकलेल्या व्हिडिओत एक टकला गृहस्थ बोलत होता. येत्या लढतींची भाकितं सांगणं हा त्याचा धंदा, आणि ती इतकी खरी ठरतात की खेळाडू त्याला ज्योतिषी म्हणतात आणि चोरून ऐकतात.

"ठिणगी हरणार," ज्योतिषी सांगत होता. "गळा आवळला जाईल आणि तो तिला सोडवता येणार नाही. तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालंय. त्या बोटांत आता पकड नाही."

"खरं आहे?" ताईने विचारलं.

ठिणगीने मांडीखालचा हात काढून टेबलावर ठेवला. ताईने पेनचं टोक करंगळीवर टेकवलं, मग जरा दाबलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. तिला कळलंच नाही.

"कुणाकुणाला सांगितलं होतंस?"

"कुणालाच नाही. आईलासुद्धा नाही. डॉक्टरकडे गेले असते तर कागद झाला असता, आणि कागद झाला की लढत रद्द. एवढ्या वर्षांनी संधी आलीय, मॅडम. पुन्हा नाही यायची."

"आणि बोटं पुन्हा येतील?"

तिने हात पुन्हा मांडीखाली सरकवला.

"तुझ्या हाताजवळ कोण कोण असतं?"

"कोच. मालिशवाली. आणि माझा दादा, तो हातांना पट्ट्या बांधतो. तिघांतलाच कुणीतरी. त्याला काढून टाकायचं आणि शनिवारी पिंजऱ्यात उतरायचं, बस."

हे सगळं ती दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तशी सांगत होती. ढब्याला तो सूर ओळखीचा वाटला.

*

व्यायामशाळा एका बंद पडलेल्या गोदामात होती. रबरी चटया, घामाचा आणि फिनेलचा वास, आणि भिंतीवर एक घड्याळ, जे फेरी संपली की कर्कश ओरडायचं.

कोच बुटका होता आणि चालताना एका बाजूला झुकायचा. दोन्ही कान मार खाऊन खाऊन फुलकोबीसारखे झालेले.

"डावा हात? आळशी झालाय," तो म्हणाला. "मनगट दुखावलंय तिचं, दुसरं काही नाही. मी विचारत नाही. लढतीच्या तोंडावर विचारलं की पोरी कच खातात. मनगटाला आराम मिळावा म्हणून डाव्याचे ठोसे कमी केले, झालं."

"लढतीआधी डॉक्टर तपासतो ना?"

"तपासतो तर. शुक्रवारी वजन झालं की त्याच रांगेत. डोळ्यात उजेड मारतो, रक्तदाब बघतो, शिक्का मारतो. रांग केवढी असते, बोटं कोण चाचपत बसणार? कुणी बोट दाखवून सांगितलं तरच."

"आणि तिचा दादा कसा आहे?"

कोचने आवाज उतरवला. "चांगला लढायचा एके काळी. मागे तिच्या लढतीत तोच कोपऱ्यात होता. पोरगी जिंकत होती, पण मार खाऊन जिंकत होती. ह्याने टॉवेल फेकला. टॉवेल पडला की लढत संपली, पोरगी हरली. ती त्याच्याशी बोलेचना. शेवटी परत घेतलं, पण अट घातली. पट्ट्या बांधायच्या आणि तोंड बंद ठेवायचं. लढतीबद्दल एक अक्षर काढलं तर कायमचा बाहेर."

मालिशवाली आतल्या खोलीत टॉवेलांच्या घड्या करत होती. मोठ्या हातांची, हसऱ्या तोंडाची बाई.

"खांदा धरलाय तिचा," ती ठामपणे म्हणाली. "डाव्या बाजूला हात लावू देत नाही. तेल लावते म्हटलं की पालथी होते आणि हात अंगाखाली घेते. मी काय आज मालिश करते का? खांदाच."

"तुम्ही इतर ठिकाणीही जाता?"

"जाते की. ती उंच मुलगी आहे ना, शनिवारी हिच्याशी लढणारी? तिच्याकडे पण मीच जाते. हिला माहितीय. पण इकडचं तिकडे करायची सवय नाही मला."

ढब्याने ताईकडे अर्थपूर्ण पाहिलं. ताई टॉवेल बघत होती.

बाहेर सरावाची वेळ झाली होती. ठिणगी बाकावर बसली आणि दादा तिच्यासमोर गुडघ्यांवर. रुंद, गप्प माणूस. त्याने उजव्या हातापासून सुरुवात केली. मनगटाला पट्टीचे वेढे दिले. "घट्ट होतंय?" "नाही." बोटांच्या मधून पट्टी काढली. "आता?" "ठीक." अंगठ्याला वळसा घातला. "घट्ट?" "जरा सैल कर." त्याने सैल केली.

मग डावा हात. तो सावकाश, गप्प राहून बांधत गेला. एव्हाना विचारून कंटाळला असेल, असं ढब्याला वाटलं. बांधून झाल्यावर दादाने करंगळीचं नख दाबलं, सोडलं आणि ते पुन्हा गुलाबी होईपर्यंत बघत राहिला. मग शेजारच्या बोटाचं. ठिणगी समोरच्या घड्याळाकडे पाहत होती. आपल्या नखाकडे कुणी एवढं बघणारं असावं, असं ढब्याच्या मनात आलं आणि निघून गेलं.

"तुम्ही रोज हा हात हातात घेता," ताई दादाला म्हणाली. "काही बिघडलंय असं जाणवलं नाही?"

"नाही," दादा पट्टीचं उरलेलं टोक कापत म्हणाला. "दोन्ही हात सारखेच."

*

"मालिशवाली," गाडीत बसताच ढब्या म्हणाला. "दोन्हीकडे जाते. सरळ आहे."

"तुला सरळ दिसलं की मला धास्ती वाटते," ताई म्हणाली. "ज्योतिषाकडे घे."

ज्योतिषी पडदे ओढलेल्या खोलीत राहत होता. भिंतीवर तीन टीव्ही आणि तिन्हींवर माणसं एकमेकांना आवाज न करता बडवत होती. त्याच्या चेहऱ्यावर साय खाल्लेल्या बोक्याचं समाधान.

"सांगणारा कोण ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "नाव नाही, आवाज नाही. टाइप केलेला निरोप."

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात?"

"जुन्या लढती काढून पाहिल्या की. मागच्या लढतीच्या शेवटी ती बाटली उचलते. डाव्या हाताने. करंगळी बाटलीला लागतच नाही. मी चार वेळा पाहिलेली लढत, पण सांगितल्यावर दिसलं."

"तुमची भाकितं कधी येतात एरवी?"

"शुक्रवारी संध्याकाळी. वजन झाल्यावर. उपाशी राहून वजन उतरवलेला माणूस काट्यावर चढतो ना, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं. तो चेहरा पाहिल्याशिवाय मी तोंड उघडत नाही."

"या वेळी सोमवारीच उघडलंत."

ज्योतिषाने कान खाजवला. "देणाऱ्याची अट होती. सोमवारी जाहीर करणार असाल तर वापरा, नाहीतर विसरून जा. मला काय, बातमी ताजी होती."

परतताना ढब्या म्हणाला, "सोमवारी सांगितलं म्हणजे उंच मुलीला तयारीला वेळ मिळावा म्हणून. मालिशवालीच."

ताईने चष्मा पुसला. वर्षभर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. त्यालाही ते सोयीचं होतं.

*

गुरुवारी दुपारी चटया रिकाम्या होत्या. ठिणगी बाकावर बसली होती. कोच पिंजऱ्याच्या जाळीला टेकून, मालिशवाली दारात, आणि दादा पट्ट्यांची गुंडाळी हातात घेऊन उभा. घड्याळ बंद ठेवलं होतं.

"भाकितात एक गोष्ट फार नेमकी होती," ताईने सुरुवात केली. "हात दुखावलाय, एवढंच नाही. करंगळी आणि शेजारचं बोट. आणि दुखतंय नव्हे, बधिर आहे. आता कोच बघा. डाव्यात काहीतरी आहे हे त्यांना कळलं, पण ते मनगट समजले आणि त्याप्रमाणे सरावही बदलला. मालिशवाल्या बाईंना खांदा वाटतो."

"खांदा नाही?" मालिशवाली दारातून म्हणाली.

"नाही. म्हणजे दोघांना काहीतरी दिसलं होतं आणि दोघांचा अंदाज चुकला. ज्याला सगळ्यात जास्त दिसायला हवं होतं, तो मात्र म्हणाला, दोन्ही हात सारखेच."

दादाने गुंडाळी दुसऱ्या हातात घेतली.

"तुम्ही उजवा हात बांधताना प्रत्येक वेढ्याला विचारलंत, घट्ट होतंय का. तिने सांगितलं तशी पट्टी सैलही केलीत. डाव्याला एकदाही विचारलं नाहीत. का? विसरलात म्हणावं, तर नखं दाबून रक्त परत येतंय का ते पाहिलंत. उजव्याची नखं पाहिली नाहीत. तिथे गरज नव्हती, तिथे ती सांगू शकते. आपल्याला उत्तर मिळणार नाही हे ज्याला माहीत असतं, तो विचारत नाही. तो नुसतं बघतो."

 ढब्याने मान वळवून ताईकडे पाहिलं. 

"पण दादा कशाला घात करेल?" कोच म्हणाला.

"घात करणाऱ्याने काय केलं असतं? उंच मुलीच्या कानात सांगितलं असतं आणि गप्प बसला असता. घरचाच भेदी हवा असेल तर बाईंचं तिकडे जाणं-येणं आहेच. पण इथे निरोप गेला अशा माणसाला, ज्याचं सगळे ऐकतात. आणि अट एकच, सोमवारी सांगा. शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं असतं, तर तोपर्यंत डॉक्टरचा शिक्का पडलेला असता. सांगणाऱ्याला हे उंच मुलीपर्यंत पोचवायचं नव्हतं. डॉक्टरपर्यंत पोचवायचं होतं, आणि निनावी चिठ्ठी डॉक्टरने फेकून दिली असती. त्या रांगेत डॉक्टरने एकदा तरी ती दोन बोटं हातात घ्यावीत, म्हणून हा सगळा खटाटोप."

ठिणगीने प्रथमच दादाकडे पाहिलं. "मला का नाही सांगितलंस?"

"बोललो असतो तर तू मला काढलं असतंस," दादा म्हणाला. त्याचा आवाज फार दिवस न वापरल्यासारखा येत होता. "मग पट्ट्या दुसऱ्या कुणीतरी बांधल्या असत्या. त्याला माहीत नसतं. त्याने घट्ट बांधल्या असत्या, तू ठीक म्हणाली असतीस आणि बोटं काळी पडली असती." तो थांबला. "माझ्याबरोबर एक जण असाच लढला होता. त्याच्या शर्टाची बटणं आज त्याची बायको लावते."

"म्हणजे पुन्हा टॉवेल फेकलास."

"हो. या वेळी लांबून."

आता ही किंचाळणार, असं ढब्याला वाटलं. ती किंचाळली नाही. तिने स्वतःचा हात उलटसुलट करून पाहिला.

"मला राग यायला हवा," ती म्हणाली. "येत नाहीये. मॅडमकडे गेले तेव्हा ठरवलं होतं, ज्याने केलं त्याला हाकलायचं." मग तिने डावा हात पुढे केला. "बांध."

दादा गुडघ्यांवर बसला. मनगटाला वेढा दिला, बोटांमधून पट्टी काढली. करंगळीपाशी त्याचा हात थांबला. त्याने मान वर केली.

"घट्ट होतंय?"

गोदामात कुठेतरी नळ गळत होता. 

"कळत नाही रे दादा," ती म्हणाली. "कधीपासून काही कळतच नाही." आणि मग ती रडू लागली, नाक पुसायला उजवा हात वापरत, डावा त्याच्याच हातात ठेवून.

कोचने जाळी सोडली आणि खिशातून फोन काढला. "डॉक्टरला आजच बोलावतो," तो म्हणाला. "शनिवारचं मी बघतो काय सांगायचं ते." मालिशवालीने घडी घातलेला टॉवेल आणून ठिणगीच्या खांद्यावर ठेवला.

*

ढब्याने गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून तो बसून राहिला. ताईने पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला.

"ताई."

"काय रे?"

"बायको गेल्यापासून तू मला एकदाही विचारलं नाहीस."

ताईने चष्मा काढला, पण पुसला नाही. "येता-जाता बघत होते. जेवतोस का, दाढी केलीस का. विचारलं असतं तर उत्तर दिलं असतंस?"

ढब्याने प्रामाणिकपणे विचार केला.

"नसतं."

"आणि आता?"

समोरच्या काचेवर धूळ होती. ती पुसायला हवी, असं त्याला वाटलं. पुष्कळ दिवसांनी काहीतरी करावंसं वाटलं.

"विचारून बघ," तो म्हणाला.