पट्टीवरचं नाव

नवऱ्याला, होबर्टला, पुरून चार दिवस झाले, तेव्हा व्हर्लीन लोकांची भांडी परत करायला बसली. शोकाच्या घरी भरून आलेलं भांडं ठेवून घ्यायचं नाही आणि रिकामं धाडायचं नाही, एवढी रीत टेनेसीच्या त्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. अदलाबदल नको म्हणून प्रत्येकीच्या भांड्याच्या तळाला नावाची चिकटपट्टी असायची. व्हर्लीन धुऊन देत होती आणि तिची सून नदीन पट्ट्या वाचून भांडी वेगळी करत होती.

शेवटी उरलं एक मोठं लंबगोल ताट. काल त्यातूनच सुक्या सफरचंदांचा थरांचा केक आला होता. दारातल्या पायरीवर होता, चांगला गरम, पण ठेवताना कुणी कुणाला पाहिलं नव्हतं.

"आई, ही लूडी कोण?"

व्हर्लीनचे हात पाण्यातच राहिले. मग तिनं पदराला... छे, पदर कुठला, एप्रनला हात पुसून ताट घेतलं आणि खिडकीपाशी नेलं. काय ते फुलांचं काम! कुंचला एकदाच टेकवायचा, दाबायचा, उचलायचा, की झाली पाकळी. मुळाशी गडद गुलाबी, टोकाला इतकी पातळ की खालचं पांढरं दिसावं. गावच्या चिनी मातीच्या कारखान्यात शे-दीडशे बायका रंगवायला होत्या, पण असा हात एकट्या लूडीचा. पाकळ्या लूडीच्या, देठ आणि पानं व्हर्लीनची, असं एका बाकावर बावीस वर्षं चाललं होतं.

"माझ्या जोडीला होती," व्हर्लीन म्हणाली.

"मग जाता जाता देऊन येते मी."

"कुठं देशील... ती जाऊन नऊ वर्षं झाली."

नदीन हसायला गेली, पण सासूचा चेहरा बघून तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

व्हर्लीननं नखानं पट्टी सोलली. खाली, झिलईच्या आत भाजून पक्कं झालेलं नाव होतं: व्हर्लीन. हे तेच ताट होतं. मालकानं एकदा सांगितलं होतं, उत्तम ताटावर रंगवणारीनं नाव घालावं. लूडी त्या आठवड्यात आजारी होती. व्हर्लीननं एकटीचंच नाव घातलं आणि ताट शिकागोच्या कुणा श्रीमंताकडे गेलं. लूडी चकार शब्द बोलली नाही, फक्त बाक बदलून घेतला. दोन वर्षांनी छातीच्या दुखण्यानं गेली तेव्हा व्हर्लीन तिच्या दारात केक घेऊनसुद्धा गेली नव्हती. कुठल्या तोंडानं जाणार?

"मग आता हे द्यायचं कुणाला?" नदीननं हळूच विचारलं.

"जिचं आहे तिला."

दुपारी तिनं मक्याची भाकरी भाजून ताटात मांडली. नवी पट्टी घेतली, आधी लूडीचं नाव लिहिलं, मग आपलं, आणि ती तळाला चिकटवली. टेकडीवरच्या दफनभूमीत उन्हं लख्ख होती. तिनं ताट लूडीच्या थडग्यापाशी ठेवलं.

"लूडी, चुकलं गं माझं... तुझ्या पाकळ्यांशिवाय माझ्या पानांना कुत्रं विचारत नव्हतं."

वाऱ्यानं गवत हललं, बाकी काही नाही. पण नऊ वर्षांनी तिला हलकं वाटलं, आणि घरी येऊन ती पोटभर जेवली.

सकाळी नदीननं दार उघडलं आणि सासूला हाक मारली. पायरीवर ताट होतं, स्वच्छ घासलेलं. त्यात पुन्हा केक होता, मोजून दोन तुकडे. व्हर्लीननं ते काढून ताट उलटं केलं. पट्टी नव्हती. झिलईच्या आत दोन नावं होती, आधी लूडीचं, मग तिचं. वरून बोट फिरवलं तर कुठं ओरखडा लागला नाही. आणि ताट ऊन होतं, भट्टीतून आत्ताच काढल्यासारखं, जरी कारखान्याची ती भट्टी केव्हाच पाडून टाकली होती.

व्हर्लीनला रडू आलं, बरं वाटूनच. डोळे पुसून तिनं ताट सुलटं केलं. काठावर काल नव्हतं असं एक फूल उमललं होतं, पाच पाकळ्यांचं, सगळ्यांत देखणं. तिनं हात लावला तर बोटाला गुलाबी रंग लागला.

फुलाला देठ नव्हता. पानांची जागा मोकळी सोडली होती.