डाळिंबी ठिपके

बसवराजला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीला नाक लावून उभा होता.

मुरुम गावातल्या आमच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात आज्जांची इम्पाला तीस वर्षं झाकून ठेवली होती. लांबलचक, निळी, राजेशाही गाडी... आणि तिच्याजवळ हा अनोळखी तरुण!

"कोण तुम्ही? कुलूप कुणी उघडलं?" मी ओरडले.

"तुमच्या अप्पांनी चावी दिली. उमरग्याला माझं गॅरेज हाय." तो शांतपणे म्हणाला. "पेट्रोल नासलंय का बघत होतो. तुम्ही हर्षाली ना?"

मुरुममधला लहानथोर माणूस मला ताई म्हणतो. हा म्हणाला नाही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गाडी वाचवायचा हट्ट माझा होता. महारुद्रकाकांनी मात्र सगळ्यांसमोर बजावलं होतं, "पाडव्याच्या पूजेला ती स्वतःच्या चाकांवर दारात आली तर ठेवू. न्हाय तर दुसऱ्या दिवशी भंगारात." अप्पांचा स्वभाव भोळा. कुणीही यावं, टोपी घालून जावं. तेव्हा राखण मलाच करायची होती.

बसवराज रोज संध्याकाळी गाडीचे भाग पोत्यात घालून उमरग्याला न्यायचा. 'धुवायला' म्हणे! अस्सल भाग विकून नकली बसवले तर? मी एक युक्ती केली. त्याची पाठ वळली, की प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला माझ्या डाळिंबी नेलपॉलिशचा बारीकसा ठिपका.

दिवसभर मी खुर्ची टाकून समोर बसे.

"एवढं टक लावून बघू नका," तो बॉनेटखालूनच म्हणायचा, "हात थरथरतो."

"चोराचाच थरथरतो."

"तेवढ्यानंच थरथरतो असं न्हाय..."

मी पुस्तकात तोंड खुपसायची. पुस्तक उलटं धरलंय हे त्यानं दोनदा सांगितलं. मेला!

एकदा त्यानं मला स्टिअरिंगला जोडलेला गियर शिकवला. गाडी बंदच होती. माझ्या हाताजवळ हात आणून, पण न लावता, "असा... खाली... आता वर." सरकीचा जुना वास, ग्रीसचा वास, आणि माझ्या कानातली धडधड. एवढा सभ्य माणूस नक्कीच काहीतरी लपवत असणार, असं मी स्वतःला बजावलं.

आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी तो सापडलाच. व्हीलकॅप उलटी केली, तर आत ठिपका होता... पण गुलाबी! दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळे गुलाबी.

"माझी खूण डाळिंबी होती. ही कुणाची?"

त्यानं मान खाली घातली. "माझी."

"म्हणजे माल बदललात!"

"माल तोच हाय. थिनरनं धुतलं की तुमची खूण निघून जाती. पहिल्याच दिवशी माझी बोटं लाल झाली, तवा कळलं." त्यानं खिशातून छोटीशी बाटली काढली. "खूण दिसली न्हाय तर तुम्हाला झोप लागली नसती. उमरग्यातली सगळी दुकानं फिरलो. नेमका रंग काय मिळाला न्हाय."

मला हसू यायला हवं होतं. पण माझी जीभ... "खोटी खूण करणारा खोटा भागही बसवू शकतो," मी म्हणाले.

त्यानं हात पुसले. "कार्बोरेटर अजून खोलायचाय. उद्या बघतो," एवढंच बोलून तो गेला.

पाडव्याला गुढ्या उभ्या राहिल्या, काका झब्बा घालून दारात येरझाऱ्या घालू लागले, तरी त्याचा पत्ता नाही. गाडी जाणार होती. पण खरं सांगते, त्या वेळी मला गाडी आठवतच नव्हती. तो पुन्हा येणार नाही, याचंच रडू येत होतं.

मी एकटीच गोदामात गेले. आशा नव्हती, तरी चावी फिरवली.

पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली!

दारात बसवराज उभा होता. हातात साखरेच्या गाठींची माळ होती, गाडीसाठी आणलेली.

"कार्बोरेटर खोलायचा होता ना?" मी डोळे पुसत विचारलं.

"...न्हाय. गाडी आठवड्यापासून तयार हाय."

"मग खोटं का बोललात?"

"तयार झाली म्हणलं असतं, तर मला इथं यायला काय कारण उरलं असतं?"

इंजिन घुमत होतं. माझे गाल तापले.

"म्हणजे माझा संशय खराच होता. पहिल्या दिवसापासून तुम्ही काहीतरी लपवत होता."

"पहिल्या न्हाय," तो हळूच म्हणाला, "दुसऱ्या."

"आणि मी काल जे बोलले, ते चुकलं. तुम्ही मला फार आवडता, म्हणून घाबरून बोलले." एका दमात सांगून टाकलं. "आता बसा गाडीत."

"कुठं?"

"घरी. मागून येतो म्हणून सटकाल. माझा भरवसा नाही तुमच्यावर."

तो हसत शेजारी बसला. गियर खाली... मग वर. त्याचा हात या वेळी माझ्या हातावरच राहिला.

घराच्या दारात काकांचं तोंड उघडंच राहिलं. अप्पा हळद-कुंकवाचं ताट घेऊन पुढं आले. "शाब्बास बसवराज! झालं म्हणायचं काम?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"नाही अप्पा," मी म्हणाले, "यांना रोजच यावं लागणार आहे."