टोपल्याखालचं पीठ

सायलीला अग्नी देऊन माणसं परतली, तेव्हा ताराबाई ज्वारीचं पीठ चाळत बसली होती. चूल पेटणार नव्हती, भाकरी शेजारून यायच्या होत्या. हे पीठ वेगळ्या कामाचं होतं. जिथं जीव गेला ती जागा सारवायची, त्यावर पीठ पसरून हातानं सपाट करायचं, मध्ये दिवा लावायचा आणि वरून टोपलं पालथं घालायचं. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल उमटेल, त्या जन्माला माणूस गेलं असं समजायचं. धारूरच्या घाटाखालच्या त्या वस्तीवर घरोघरी असंच चालायचं. ताराबाईच्या सासूच्या वेळी चिमणीची पावलं निघाली होती, आणि पुढं कितीतरी दिवस सगळ्या बायका अंगणात दाणे टाकत होत्या.

पण सासू पिकलेलं पान होतं. सायली, तिची थोरली लेक, बावीस वर्षांची होती.

शेळ्या राखताना गाणं म्हणतानाचा तिचा व्हिडिओ फिरला, त्याला दोन-अडीच वर्षं झाली होती. बघता बघता पोरगी महाराष्ट्रभर गाजली. एरवी या वस्तीचा रस्ताही ठाऊक नसलेले पुढारी तिच्या शेजारी उभे राहून फोटो काढू लागले. या खेपेला ती चार दिवस आरामाला म्हणून आली, दुपारी जेवली, मधल्या खोलीत वाकळ अंथरून पडली आणि उठलीच नाही. डॉक्टरांनी चिरफाड करून व्हिसेरा तपासणीला राखून ठेवला, निकालाला वेळ लागेल म्हणाले. मोबाइलवर मात्र निकाल केव्हाच लागून गेला होता. कुणी म्हणे प्रेमभंग, कुणी म्हणे नशा, आणि झोपेच्या गोळ्यांवर तर सगळ्यांचंच एकमत होतं.

गोळ्या होत्या हे खरंच होतं. पर्समधलं पाकीट पोलिसांनी नेलं. दुसरं उशीच्या खोळीत ताराबाईच्या हाताला लागलं, आणि पोरीची आणखी बदनामी नको म्हणून तिनं ते गुपचूप पोलक्यात सरकवलं. तेव्हापासून एकच गोष्ट तिला आतून कुरतडत होती. लहानपणी सायलीला तापाची गोळी द्यायची तर गुळात लपवून द्यावी लागायची, आणि तीही ती गालात धरून मागं जाऊन थुंकायची. असली पोर आपल्या हातानं रोज गोळ्या गिळेल? तिला त्या कुणी चारल्या?

सकाळी नात्यातली म्हातारी छबुबाई आली. दोघींनी मिळून टोपलं उचललं. दिवा विझला होता. पिठावर ना पक्ष्याचं पाऊल होतं, ना कुठल्या जनावराचं. गोल गोल खळगे होते, दोन सरळ ओळींत, गोळ्यांचं पाकीट उपडं दाबून उचलावं तसे.

"उंदीर आसंल," ताराबाई म्हणाली. मन मानत नव्हतं, पण म्हणाली.

"उंदीर काय वळी आखून चालतो का?" छबुबाईनं पदर तोंडाला लावला. "पोरीला झोप लागंना तारे. गोळ्या मागती ती. मेलेल्याला आवडीचं ठिवतोच की आपण. ठिव एक."

ताराबाईनं पीठ पुन्हा सारखं केलं. ही वेडेपणाची गोष्ट आहे हे तिला कळत होतं. तरी संध्याकाळी तिनं दिव्याजवळ एक गोळी ठेवली, टोपल्यावर पाटा ठेवला आणि खोलीला बाहेरून कडी घातली. सकाळी पाटा जागच्या जागी होता. पीठ गुळगुळीत होतं. गोळी नव्हती.

ती रडली, पण त्या रडण्यात जरा समाधान होतं. लेकीसाठी करण्यासारखं काहीतरी उरलं होतं.

त्याच दिवशी विजयसिंह आला. तेलगावच्या बागायतदार घराण्यातला हा मुलगा सायलीचे कार्यक्रम ठरवायचा, गाडीतून न्यायचा-आणायचा. सायली त्याला दादा म्हणायची. ताराबाईच्या नवऱ्यानं, मुंजाजीनं, त्याला बघितलं आणि शेळ्या सोडून डोंगराकडं निघून गेला. सायली गेल्यापासून तो घरात टिकतच नव्हता.

"मावशी, लई वाईट झालं," विजयसिंह म्हणाला. डोळे पुसले. मग ओट्यावर बसलेल्या संस्कृतीकडं बघत राहिला. धाकटी संस्कृती बारावीला होती; चेहरा, आवाज, सगळं थोरलीचं. "लोकं तिला इसरायच्या आत संस्कृतीनं एखादं गाणं टाकावं. बहिणीची आठवण म्हणून. आमी हाय की मागं."

"ते ऱ्हाऊ द्या. तिला गोळ्या कुणी दिल्या?"

"डॉक्टरनं चिठ्ठी दिलती. रातरात जागून कार्यक्रम, मग झोप कुठली? तीच घ्यायची आपल्या मनानं. मी तर कदी त्या गोळीला हातसुदा लावला न्हाई."

बोलणं सरळ होतं, बिनतोड होतं. आधी पाठ करून आल्यासारखं होतं. ताराबाईला त्याचा इतका राग आला की पाणीसुद्धा विचारायचं राहिलं. पण पुरावा कुठं होता? तिनं त्याच संध्याकाळी भावाला, धोंडीरामला बोलावून घेतलं आणि संस्कृतीला त्याच्याबरोबर नेकनूरला पाठवून दिलं. एक गेली, दुसरी तरी हातची जाऊ नये.

मग घरात ती आणि टोपलं. रोज संध्याकाळी गोळी ठेवायची, सकाळी गोळी नसायची. नेकनूरहून धोंडीरामचा फोन यायचा, "पोरगी बरी हाय. झोपती मात्र लई. जेवता जेवता डुलक्या खाती."

"दुःखाचं आसंल," ताराबाई म्हणायची. "झोपू दे."

पाकीट संपलं. चिठ्ठी नव्हती, आणि विजयसिंहाकडं मागणं तिच्या जिवावर आलं. त्या संध्याकाळी तिनं नुसताच दिवा ठेवला, गोळीऐवजी गुळाचा खडा ठेवला, हात जोडले.

सकाळी गूळ तसाच होता. पीठ मात्र पार उकरलेलं होतं, सारवणाचे पोपडे निघाले होते, आणि त्यात नखांच्या लांब रेघा होत्या. माणसाच्या.

तिनं टोपलं तसंच टाकून छबुबाईकडं धाव घेतली. अंगणात पोचते तोच फोन वाजला.

"ताई, निघ लौकर," धोंडीराम धापा टाकत होता. "संस्कृतीला झटके यायलेत. भुई उकरायली नखानं. बीडला घेऊन चाललोय."

"कशानं नेतोस?"

"विजयसिंहाच्या गाडीनं. सकाळीच आलते ते."

"कशाला आलता तो?"

धोंडीरामनं फोन ठेवला होता.

बीडच्या दवाखान्यात ती पोचली तेव्हा दुपार झाली होती. संस्कृती पलंगावर थरथरत पडली होती. नखं रक्ताळली होती. पायथ्याशी विजयसिंह मोबाइल बघत उभा होता.

तरुण डॉक्टरनं ताराबाईला बाजूला घेतलं. "झोपेची गोळी एकदम बंद केलीत का?"

"तिनं गोळी कदी खाल्लीच न्हाई."

"लघवीत औषध सापडलंय. आणि हे झटके चार दिवसांच्या सवयीचे नाहीत. दोन वर्षं तरी रोज खात असणार, तेही भरपूर."

"दोन वर्सं माझ्या कुशीत झोपती ती, सायब."

डॉक्टरनं असं बोलणाऱ्या आया बऱ्याच पाहिल्या असाव्यात. तो सौम्यपणे म्हणाला, "हळूहळू कमी करू. पण आज द्यावीच लागेल. नाही दिली तर जिवाला धोका आहे."

नर्सनं तिच्या तळहातावर गोळी ठेवली. तीच, पांढरी. टोपल्याखाली ठेवायची तसली. ताराबाईचा हात उठेना. एक लेक ज्यानं गेली, ते दुसरीला आपणच भरवायचं? पण संस्कृतीची दातखीळ बसायला लागली होती.

तिनं भरवली.

संस्कृती पाणी प्यायली. थरथर थांबली. ती उठून बसली, पण आईकडं तिनं बघितलं नाही.

तिनं मान वळवून पायथ्याकडं बघितलं. मग तोंड मोठं उघडलं, जीभ टाळ्याला लावून खालची जागा दाखवली. बोटानं आधी एक गाल ओढला, मग दुसरा. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

विजयसिंहाचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. त्यानं नुसतं डोकं वर केलं, पुढं आला, सवयीच्या हातानं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं. जिभेखाली बघितलं. दोन्ही गालांत बघितलं.

"हं. झोप आता," तो म्हणाला.

मग त्याची नजर ताराबाईकडं गेली. हनुवटी अजून त्याच्या हातातच होती.