तबेल्यातला चॉकलेटचा वास

सावळीवर आधी कोण बसणार यावरून टिकली आणि तिचा मावसभाऊ लंबू यांची वाटेतच जुंपली होती. पण तबेल्यात पाऊल टाकलं आणि दोघं भांडण विसरली. सावळी उभ्या जागी थरथरत होती. अंग घामाने निथळत होतं आणि पुढचा खूर ती सारखा जमिनीवर आपटत होती.

टिकली दर सुट्टीत मावशीकडे यायची ती या घोडीसाठीच. मावशी घोडेस्वारी शिकवायची. तिच्याकडे तीन घोडे होते, आणि त्यांची वीस वर्षं देखभाल करणारे मोतद्दारकाका.

मावशीने बोलावलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सावळीच्या छातीला नळी लावली. काळीज भलतंच धावतंय, म्हणाले, काहीतरी पोटात गेलंय. मावशीने मागचापुढचा विचार न करता खापर काकांवर फोडलं. चारापाणी तेच बघायचे ना! काकांनी हातातला खरारा खुंटीला अडकवला आणि निघून गेले.

"काकांनी काही केलेलं नाही," टिकली म्हणाली.

"मग कोणी केलं?" लंबूने विचारलं.

टिकलीने पायाखाली पाहिलं. गेल्या आठवड्यात पेंढा संपला, म्हणून मावशीने चॉकलेटच्या कारखान्यातून कोकोच्या बियांची टरफलं फुकटात आणून घोड्यांखाली अंथरली होती. सगळा तबेला चॉकलेटसारखा घमघमत होता. सावळी पक्की गोडघाशी. तिच्या कोपऱ्यात आता नुसती फरशी उरली होती. तेवढ्यात लंबूने चाचरत कबूल केलं, की काल त्यानेही दोन मुठी चघळल्या होत्या आणि नंतर छाती धडधडून त्याला झोपच आली नव्हती.

दोघं तडक कारखान्यात गेली. व्यवस्थापक टेबलावर पाय टाकून बसला होता. तबेल्याचं नाव काढताच तो म्हणाला, आम्ही कोणाला टरफलं देत नाही. लंबू भांडायलाच उठला होता, पण टिकलीने त्याला चिमटा काढला.

"मग राहू दे," ती म्हणाली. "बागेसाठी अजून दहा पोती हवी होती. दुसरीकडे बघतो."

मागच्या अंगणात टरफलांचे डोंगर साचलेले. व्यवस्थापकाचे पाय झटकन खाली आले.

"अगं थांब! गेल्या आठवड्यात दिली तीच ना? हवी तेवढी ने."

त्याने पोतं आणवलं. तोंडाशी शिवलेल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत छापलं होतं: जनावरांच्या पोटात जाऊ देऊ नये. हे मावशीला सांगितलं होतं का, असं लंबूने विचारलं, तर म्हणतो कसा, त्यांना वाचता येतं की!

चिठ्ठी उसवून घेऊन दोघं पळत सुटली.

डॉक्टरांनी ती वाचून कपाळावर हात मारला. कोकोच्या बियांत कॅफीन असतं, त्यांनी सांगितलं, कॉफीत असतं तेच. त्याचं थोरलं भावंड थिओब्रोमिन तर त्याहून कितीतरी जास्त. माणसाने चॉकलेटची वडी खाल्ली तर बिघडत नाही, पण पोटभर टरफलं खाल्लेल्या घोड्याचं काळीज थकून थांबेपर्यंत पळतं.

उरलेल्या दोन घोड्यांना लगेच बाहेर काढलं. ते वाचणार होते. सावळीवर मात्र ताडपत्री टाकलेली होती. मुलं कारखान्यात असतानाच, डॉक्टर औषध आणायला गाडीपाशी गेले होते आणि मावशी फोनवर बोलत होती, तेवढ्यात सावळीने मान टाकली होती.

संध्याकाळी मावशी मुलांना घेऊन काकांच्या खोलीवर गेली. तिने हात जोडून माफी मागितली. पोरांनी छडा लावला म्हणून डॉक्टरांनी केलेलं कौतुकही तिने सांगितलं. काकांनी दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला. हुशार आहात, म्हणाले. कामावर परत या, असं मावशी म्हणाली, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

मग त्यांनी विचारलं, "शेवटी सावळीजवळ कोण होतं?"

मावशीने मान खाली घातली. लंबू दाराकडे बघायला लागला.

"कोणी नव्हतं, काका," टिकली म्हणाली.

काकांनी ऐकून घेतलं. मग खाटेवर जरा सरकून त्यांनी तिला शेजारी बसायला जागा करून दिली.