रानसेनचा शेवटचा करकोचा

"उद्या दुपारपर्यंत घर रिकामं कर म्हणालाय तोगाई," चिसे म्हणाली. "आजारपणात बाबा गेले, त्याला आज नववा दिवस."

कुझेने चहाचा पेला खाली ठेवला. पोलिसातली नोकरी सोडून त्याने खासगी तपासाचा धंदा मांडला होता, आणि माणसांबद्दलचं त्याचं मत तेव्हापासून आणखीच बिघडलं होतं. शेजारी मोमोसे बसला होता. चहाची पेढी मुलाच्या हवाली केल्यापासून तो कुझेच्या मागे फिरे आणि दिवसातून दोनदा तरी मूर्ख ठरे.

चिसेचा बाप रानसेन रेशमावर पक्षी रंगवायचा. त्याच्या चिमणीचं पीस न् पीस मोजून घ्यावं, असं क्योतोत म्हणत. आता त्याचा पट्टशिष्य तोगाई एक चित्र मिरवत होता. त्यात उडता करकोचा, खाली गुरूचा शिक्का आणि एक ओळ: चित्रशाळा तोगाईला दिली.

"बाबांनी मला शब्द दिला होता. त्यांच्या शेजारी बसून वीस वर्षं रंगवलंय मी."

"लेखी आहे?"

"मुलीला कोण लिहून देतं?"

रानसेनच्या अंगणात पंख छाटलेला एक करकोचा उभा होता. अंग पांढरंशुभ्र, मागची बाजू काळी. तोगाई ओसरीवर बसला होता, शिक्का कमरेला बांधून.

त्याने चित्र उलगडलं. ताणलेले पंख, मागे काळीभोर शेपटी. मोमोसेच्या तोंडून "वा" निघून गेलं. कुझेने त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं.

"हे तुमच्याकडे कसं आलं?"

"याइचीने आणून दिलं. गुरुजींनी मढवायला दिलं होतं त्याच्याकडे. खोटं असेल तर त्यालाच विचारा."

"गुरूबरोबर दलदलीत जायचात का पक्षी बघायला?"

"त्या थंडीत? ते बापलेकीचं वेड. मी या अंगणातल्या करकोच्यावर बारा वर्षं हात बसवलाय."

"मग याला खाऊपिऊ तुम्हीच घालत असाल."

"शी. घाण मारतो तो. ते चिसेचं काम."

याइचीचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. रेशमाला कागद चिकटवता चिकटवता तो म्हणाला, "मी आणून दिलं? गुंडाळी घेऊन तोगाईच आला होता की. पण माझं कोण ऐकतं? मी पडलो पारध्याचा पोरगा. दलदलीत जन्मलो, डोक्यावरून करकोचे जायचे."

"दोघांतला एक खोटारडा आहे," परतताना मोमोसे म्हणाला. "मला तर पारध्याचाच संशय येतो."

"तुला येणारच. चल अंगणात."

याइचीलाही बोलावून घेतलं, आणि चिसेला करकोच्याचे मासे आणायला सांगितलं. चित्र ओसरीवर पसरलं होतं.

"मोमोसे, करकोच्याची शेपटी कुठल्या रंगाची?"

"काळी. समोर दिसतेय की."

"वाटलंच मला. चिसेबाई, मासा जरा उंच धरा."

करकोच्याने मान ताणली आणि तोल सावरायला पंख पसरले. काळी पिसं पंखांबरोबर बाजूला गेली. मागे आखूड शेपटी राहिली, दुधासारखी पांढरी.

"काळं असतं ते पंखांचं," कुझे म्हणाला. "पंख मिटले की ते शेपटीवर येऊन पडतं. ज्याने उभाच करकोचा पाहिलाय, तो उडत्याला काळी शेपटी लावतो. रानसेनने जन्मभर उडते करकोचे पाहिले. याइची तर त्यांच्याखालीच वाढला. मग ही काळी शेपटी लावली कोणी?"

तोगाईचा चेहरा उतरला. "देवळांतल्या पडद्यांवरसुद्धा काळीच असते."

"असते ना. पण तिथे कोणी रानसेनचा शिक्का मारत नाही. गुरू आजारी असताना तो डबीतून काढलास, आणि अंगावर येईल तेव्हा आळ ढकलायला पारध्याचा पोरगा धरलास."

तोगाई चित्र गुंडाळू लागला. कुझेने त्यावर हात ठेवला.

"बारा वर्षं या घरचं जेवलास. या पक्ष्याला एक दिवस मासा घातला असतास, तर आज तुझं खोटं पचलं असतं."

मोमोसेला त्या माणसाची किळस आली, आणि थोडी स्वतःचीही. शेपटी त्यालाही काळीच दिसली होती.

तोगाईने कमरेचा शिक्का सोडून ओसरीवर ठेवला. चिसेने तो लगेच उचलला नाही. पक्षी चोच उघडून उभा होता. तिने आधी त्याला दुसरा मासा घातला.