मधली फळी

निकानोर आजोबांनी चिलीम बाजूला ठेवली आणि अंगणातल्या पोरांना म्हणाले, हे आपल्या एवेलियोला घडलं. त्यानं स्वतः दातांवर दात आपटत मला सांगितलं. पाच वर्षांमागची पंधरा जानेवारीची रात्र. सकाळी लढाई मिटल्याचा वर्धापनदिन, त्याच मुहूर्तावर शाळेला संस्थापक म्हणून एवेलियोचं नाव लागणार होतं.

संस्थापक म्हणे! लढाईत शाळा चालवली मिर्तालानं. तिसरी शिकलेली पोर, दुसरीला शिकवायची. फळा म्हणजे तीन आडव्या फळ्या, तीन घरांत लपवलेल्या. सैन्य आलं की ज्या पोराकडं जी फळी नेमलेली, ती त्यानं उचलायची आणि डोंगरात पळायचं. तिथं आंब्याखाली फळ्या जोडून कोळशानं तिन्हींवर पसरलेली मोठी अक्षरं काढत पुन्हा धडा सुरू.

मधली फळी एवेलियोच्या घरी असे. एकदा सैन्य आल्यावर ती आणायला दुसरीतली आरासेली गेली, ती परत आलीच नाही. फळी पोरीनंच नेली, असं हा सांगत राहिला. पुढं लढाई संपेपर्यंत फळ्याला मधली फळीच नव्हती, पोरं पोट नसलेली अक्षरं गिरवत होती.

तर हा शूर माणूस स्वतःच्या नावाची पाटी खांद्यावर टाकून शाळेकडं निघाला. गडी वाकडी ठोकेल, ही धास्ती. ओढ्यापाशी मागून हाक आली.

"काका, फळी द्या."

कुणाचं तरी उनाड कार्टं, असं समजून त्यानं दोन शिव्या हासडल्या आणि चालत राहिला. मागं पावलं. हलकी. अनवाणी.

"काका, दार उघडा ना. आज मधली फळी माझ्याकडं नेमलीय."

तो थिजला.

दार... त्या दिवशी त्यानं आतून कडी घातली होती. पोरगी दार वाजवत राहिली. हा पलंगाखाली. मग वाजवणं थांबलं. फळी पुढं त्यानं डुकरांच्या खोपटाला ठोकली. हे तोवर एकट्या त्याला ठाऊक.

"काका..."

पाटी तिथंच टाकून तो पळाला. घरी जाऊन पुन्हा पलंगाखाली. सवय जुनीच.

सकाळी गाव जमलं. पाटी शाळेच्या दारावर, सरळ लागलेली. खिळा एकही नाही. एवेलियोचं रंगवलेलं नाव गेलेलं. कोऱ्या लाकडावर कोळशानं, लहान हातानं काढलेली अक्षरांची नुसती पोटं. वर डोकी नाहीत. खाली पाय नाहीत.

पोरं एकमेकांना चिकटली.

आजोबा म्हणाले, "घासून पाहिलं, रंधा मारून पाहिला, जात नाही. तुम्ही रोज त्या पाटीखालून वर्गात जाता."